दोन्ही बाजूंचे टेकू

कोठाराचं दार उघडेना.

उद्या मशीनवाला येऊन कोठार पाडणार, म्हणून आज आतलं सामान काढून घ्यायचं, इतका साधा बेत होता. त्यासाठी अण्णा आणि बाळ हे दोघे भाऊ आपापल्या बायकांसह हजर होते. त्यांची थोरली बहीण, ताई, आदल्या दिवशीच शहरातून येऊन अण्णाकडे उतरली होती. जेवायला मात्र ती बाळकडे गेली होती. या घरात ताईला कित्येक वर्षं असं मोजूनमापून प्रेम करावं लागत होतं.

दाराला कुलूप कधी नव्हतंच. अडसर सरकवला की दोन्ही झडपा आपण होऊन पुढे यायच्या. आज अण्णाने डावी झडप ओढून पाहिली, ती हलली नाही. तो मागे सरला. मग बाळ पुढे झाला आणि त्याने उजवी ओढली. तीही जागची हलली नाही. दोघांनी मिळून एकच झडप ओढावी हे तिथल्या प्रत्येकाच्या मनात आलं, पण बोलायची छाती कुणाची झाली नाही. कारण डावी झडप अण्णाच्या वाटणीत येते आणि उजवी बाळच्या.

वडिलांनी जमीन वाटली तेव्हा रेघ नेमकी कोठाराच्या मधून गेली. कोठार दोघांचं, असं म्हणून ते मोकळे झाले. पुढे वादळात छप्पर उडालं. अण्णा म्हणाला पत्रा घालू, बाळ म्हणाला कौलंच हवीत, आणि ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. आजही कोठाराचं निम्मं छप्पर पत्र्याचं आहे, निम्मं कौलांचं, आणि छपराचं काम संपलं त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद आहे. एकमेकांच्या जमिनीवर ते पाऊलही टाकत नाहीत. आणि बाळ या नावावर जाऊ नका. बाळच्या मिश्या पांढऱ्या झाल्यात, त्याची भाजीच्या रोपांची मोठी नर्सरी आहे, आणि रुसण्यात तो अण्णाला हार जाणारा नाही.

“त्याला विचार, अडसर पुरता निघालाय का,” अण्णा बायकोला म्हणाला. बाळ तेव्हा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

थोरलीने, म्हणजे अण्णाच्या बायकोने, धाकट्या जावेला विचारलं, धाकटीने नवऱ्याला. निघालाय, हे उत्तर त्याच वाटेने परत आलं.

थोरलीला या टपालाच्या नोकरीचा कधीचाच वीट आला होता. पण आज तिच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. काल रात्री, बाळकडून जेवून आल्यावर, भांडी आवरता आवरता ताईने तिच्यापाशी मन मोकळं केलं होतं. शहरात ज्या हॉलमध्ये ताईचे दोन हातमाग होते तो हॉल मालकाने विकला होता. महिनाअखेरीस जागा खाली करायची होती. माग उंच, त्यांना छत उंच लागतं, आणि तसली जागा ताईच्या ऐपतीत कुठेच बसत नव्हती. जागा मिळाली नाही तर माग मोडून द्यायचे, असं ताई म्हणाली. हे म्हणताना ती एकच कप कितीतरी वेळ पुसत राहिली, ते थोरलीने पाहिलं.

दोन महिन्यांपूर्वी ताईने दोन्ही भावांना फोन करून, कोठार रिकामं आहे तर मी वापरू का, असं विचारलं होतं. गरज आहे हे सांगितलं नव्हतं. अण्णाला वाटलं, हे डोकं बाळचं. बाळला वाटलं, अण्णाने ताईला पुढे केलंय. अण्णा फणकाऱ्याने म्हणाला की त्यापेक्षा पाडूनच टाकू, आणि बाळ म्हणाला, पाडू दे की. एवढ्यावर कोठाराचा निकाल लागला होता.

“त्यांना खरं काय ते सांगा की, ताई,” थोरली काल म्हणाली होती.

“मागितलं तेव्हा दिलं नाही. आता रडून घेऊ?” ताई म्हणाली होती, आणि थोरलीकडून तोंड न उघडण्याचं वचन घेऊन झोपायला गेली होती.

तेव्हापासून थोरली तोंडात गुळणी धरून होती. सकाळी तिने जावेला जरा चाचपून पाहिलं. कोठार पाडायला नकोच होतं नाही का, असं सहज बोलल्यासारखं केलं. पण धाकटी कुठली ऐकायला. कोठाराची सावली सकाळी उशिरापर्यंत तिच्या रोपांवर पडते, रोपं किडकिडीत होतात, आणि मुख्य म्हणजे, वहिनी, ते गेलं की त्याच्यापायी चाललेलं भांडण तरी जाईल, असं तिने स्वच्छ सांगितलं. तिचंही चूक नव्हतं.

दार उघडत नाही म्हटल्यावर अण्णा पहार शोधायला गोठ्याकडे गेला. बाळ स्वतःची पहार आणायला नर्सरीकडे वळला, पण चार पावलं जाऊन आपल्या बाजूच्या भिंतीपाशीच घुटमळत राहिला. ताई म्हणाली, मी एक फेरी मारून येते. वाटणीत तिने काहीच घेतलं नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडे फिरायची मुभा फक्त तिलाच होती.

ती आधी अण्णाच्या बाजूने निघाली. फेरी मारायची म्हणजे निरोप घ्यायचा, हे तिला कळत होतं.

या भिंतींना कुणी कधी रंग लावला नव्हता. ऊन आणि पाऊस खाऊन फळ्या करड्या झाल्या होत्या, आणि सकाळच्या तिरप्या उजेडात त्या करड्यावर चांदीची झाक येत होती. प्रत्येक खिळ्याखाली गंजाचा तांबूस ओघळ होता. ताईने सूत रंगवण्यात उभा जन्म घालवला, पण हा करडा तिला कधी साधला नाही. कोळसा झाला, सालं झाली, लोखंडाचं पाणी झालं. दर वेळी रंग एकतर मेलेला यायचा नाहीतर निळसर. शहरातली गिऱ्हाइकं विचारायची, कसला करडा हवाय तुम्हाला, आणि तिला सांगता यायचं नाही. जमिनीलगतच्या फळ्या ओलीने कुरतडून जुन्या सतरंजीच्या दशांसारख्या झाल्या होत्या. कोपऱ्यावरचा खांब गाईंनी अंग घासून घासून असा गुळगुळीत केला होता की त्यावर हात ठेवल्यावर काढवत नव्हता. इतकी देखणी गोष्ट उद्या मोडायची आणि तीही रुसव्यापायी, या विचाराने तिला भावांचा मनस्वी राग आला.

त्या रागातच तिच्या लक्षात आलं की भिंत वरच्या अंगाला आत दबली आहे.

जुनी भिंत कलते तशी बाहेर कलावी, ही आत कशी गेली? भिंतीला लागून अण्णाने गवताची गंजी रचली होती. ताई गंजीमागे शिरली. तिथे एक जाडजूड ओंडका जमिनीतून तिरपा वर जाऊन भिंतीच्या माथ्याला टेकला होता, आणि त्याच्या बुडाशी ट्रकला लावतात तसला मोठा जॅक होता. जॅकला ताजं ग्रीस होतं. बाजूला चहाचा रिकामा पेलाही होता.

गवत सळसळलं आणि पहार हातात घेतलेला अण्णा समोर आला.

“हे काय आहे?” ताईने विचारलं.

“जॅक आहे.”

“ते दिसतंय मला.”

अण्णाने पहार खाली ठेवली. त्याला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे तो सहसा काही बोलतच नाही. पण ताईपुढे ते चालत नसे. मागच्या वर्षी मोठा वारा झाला, त्यानंतर कोठार आपल्या बाजूला झुकलंय असं त्याला वाटलं. त्याने टेकू लावला. थोड्या दिवसांनी पाहिलं तर आणखी झुकलेलं. मग आणखी पीळ दिला. तेव्हापासून रोज सकाळी धारा काढून झाल्या की तो इथे येतो, चहा पितो आणि गरज वाटली तर अर्धा पीळ देतो.

“मग पाडायचं कशाला म्हणालास?”

“मी नुसतं म्हणालो. मला वाटलं, तो नाही म्हणेल. त्याची कौलं आहेत ना वर.”

ताईने कपाळावर हात मारून घेतला. अण्णाला मात्र, कुणाला तरी सांगून टाकलं म्हणून, बरंच हलकं वाटत होतं.

तिकडे बाळ अजून आपल्या भिंतीपाशीच होता. ताई फेरी मारतेय म्हणजे ती याही बाजूला येणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि भिंतीलगतच्या वेलाच्या मांडवाकडे पाठ करून तो पहारेकऱ्यासारखा उभा राहिला होता. धाकटी पहारीचं काय झालं ते बघायला आली. नवरा असा हाताची घडी घालून, हवापाण्याची चौकशी केल्यासारखा चेहरा करून उभा असला की त्याच्या पाठीमागे काहीतरी असतं, हे ती संसारात शिकली होती. तिने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि वेल वर उचलला.

ओंडका होता. जॅक होता. इथल्या जॅकवर तर पावसाने गंजू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती.

“आपल्या बाजूला कलत होतं,” बाळ खाली बघत म्हणाला. “रोज थोडं थोडं. पडलं असतं तर तो म्हणाला असता, कौलांच्या वजनाने पडलं.”

“एवढंच कारण?”

बाळने मिशीवरून हात फिरवला. एवढंच नव्हतं. दुपारी रोपांना पाणी देऊन झालं की तो कोठारात जाऊन बसायचा. फटींतून येणारा उजेड जमिनीवर सरकत जायचा, पाकोळ्या आत-बाहेर करायच्या, आणि तेवढा वेळ त्याला कशाचं काही वाटायचं नाही. हे त्याने बायकोला अडखळत, तुकड्या-तुकड्याने सांगितलं. वर म्हणाला, अण्णाच जर पाडा म्हणतोय तर मी कुठे त्याच्या पाया पडू.

धाकटी एका पालथ्या कुंडीवर बसली. सावलीपायी आपण रोज बडबडत होतो आणि हा माणूस ती मुकाट ऐकून घेऊन त्याच सावलीला टेकू देत होता, हे मनात आलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. रोपांचं काय, वाफे दहा पावलं पलीकडे सरकवले असते तरी चाललं असतं, हे तिलाही माहीत होतं. पाडायच्या बाजूने असलेलं एकुलतं एक खरं मत त्या कुंडीवर बसल्या बसल्या फिरलं.

ती पदर सावरत दाराकडे निघाली. तिकडून थोरली, ताईकडून गंजीमागची हकिकत ऐकून, तशीच लगबगीने येत होती. दोघी जावा दारासमोर भेटल्या आणि एकदमच बोलू लागल्या, मग एकदमच थांबल्या. दोघींनी दाराकडे पाहिलं. झडपा मधोमध एकमेकींवर अशा दाबल्या गेल्या होत्या की त्यांच्यात सुरीचं पातं शिरलं नसतं.

हा झुकवतो म्हणून तो टेकू घट्ट करत होता आणि तो झुकवतो म्हणून हा. वर्षभर दोन्ही भाऊ कोठार वाचवायच्या नादात ते दोन्हीकडून चेपत होते. पलीकडे दहा पावलं जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं, पण जाणार कोण.

ताईने सूत्रं हाती घेतली. तिने दोघांनाही आपापल्या जॅकपाशी पिटाळलं. एकदम सोडायचं नाही, एकाने अर्धा पीळ सोडायचा, मग दुसऱ्याने, असं बजावलं. मध्ये आख्खं कोठार, एकाला दुसरा दिसणार नाही, म्हणून दोघी जावा दोन कोपऱ्यांवर उभ्या राहिल्या. ताई दारासमोर फटीवर डोळा ठेवून बसली.

काम सुरू झालं. अण्णा सोडायचा आणि सांगायचा, थोरली पुढे ओरडायची, धाकटी बाळला सांगायची. मग बाळ सोडायचा आणि निरोप उलटा निघायचा. कोठाराच्या पोटातून कण्हल्यासारखे आवाज येत होते. फळ्यांमधून वर्षानुवर्षांची धूळ झरत होती. दाराच्या फटीत एक बारीक उजेडाची रेघ आली तेव्हा ताईने हात वर केला आणि दोघी जावांनी तो आनंदही इमाने इतबारे पोचवला.

पण बाळ जात्या उतावळा. निरोप यायला उशीर होतोय म्हणून त्याने आपली पाळी नसताना दोन पीळ सरळ सोडून दिले.

वर काहीतरी कडाडलं. अण्णाचा ओंडका एकदम ढिला पडला, भिंतीचा माथा त्याच्यापासून दूर गेला, आणि कोठार कुठल्या बाजूला चाललंय हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही. त्या बाजूला कौलं होती आणि कौलांखाली बाळ होता.

“बाळ, बाजूला हो,” अण्णा ओरडला. “सोड ते, आधी बाजूला हो.”

हे कुठल्याही कोपऱ्यावर न थांबता थेट गेलं. पलीकडे दोन-तीन कौलं घसरून फुटल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही.

“झालोय बाजूला,” बाळचा आवाज आला. “तू तुझं सोड, अण्णा. मोजत बसू नकोस, भरभर सोड.”

अण्णाने सोडलं. जॅकचा दांडा दोन्ही हातांनी गरगर फिरवला, ओंडका आडवा पाडला आणि तो कोठाराला वळसा घालून पळत सुटला. आपण कुणाच्या जमिनीवर आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. बाळच्या वाफ्यांतून तो तसाच गेला, पायाखाली कोवळी रोपं चिरडत. बाळ वेलाच्या मांडवापासून लांब, अंगावर कौलांची धूळ घेऊन उभा होता. अण्णाने त्याच्या डोक्याला, खांद्यांना हात लावून पाहिलं. कुठे लागलं नव्हतं. बाळ रोपांबद्दल चकार शब्द बोलला नाही.

दोघांनी वर पाहिलं. कोठार सावकाश मागे आलं, एकदा करकरलं आणि उभं राहिलं. या बाजूला नाही, त्या बाजूला नाही, सरळ. टेकू दोन्हीकडचे जमिनीवर पडले होते.

“म्हणजे आपली काही गरजच नव्हती,” बाळ म्हणाला.

“कुणाला सांगू नकोस,” अण्णा म्हणाला.

जे कळायचं ते तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं, पण बऱ्याच वर्षांनी दोघांमध्ये एक गुपित झालं होतं आणि ते मोडायची कुणालाच इच्छा नव्हती.

ते पुढच्या बाजूला आले तेव्हा दाराच्या दोन्ही झडपा आपण होऊन पुढे आलेल्या होत्या. आत फटीफटींतून उजेडाच्या पट्ट्या आडव्या पडल्या होत्या, त्यांत धूळ तरंगत होती, सुक्या गवताचा वास दारापर्यंत येत होता. पाकोळ्या घाबरून आढ्याला घिरट्या घालत होत्या. ताई मधोमध उभी राहून वर बघत होती. छत उंच होतं. दोन माग उभे राहून वर जागा उरली असती. मघाशी बाळच्या बाजूने आवाज आला तेव्हा बाळ गेला असंच तिला वाटलं होतं. भाऊ धडधाकट समोर आल्यावर आता मानापमानाचं काही धरून ठेवावं असं तिला वाटेना.

“मला जागा नाहीये,” ती म्हणाली. “शहरातला हॉल जातोय. हे कोठार मिळालं नाही तर माग मोडावे लागतील. मला मोडायचे नाहीत. मला हे द्या.”

ताईने आयुष्यात या दोघांपुढे असा कधी हात पसरला नव्हता. अण्णा हबकला. सवयीने तो बायकोकडे वळला, त्याला विचार असं म्हणायला त्याने तोंडही उघडलं. थोरली हाताची घडी घालून उभी होती. आज टपाल बंद, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. अण्णा बाळकडे वळला.

“तुझं काय म्हणणं आहे?”

“माझं हो आहे. पहिल्यापासून हो होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

अण्णाने मान डोलावली, आणि तो हो ताईला आणि बाळला दोघांना मिळून होता. धाकटी म्हणाली, आधी त्या मशीनवाल्याला कळवा, नाहीतर उद्या येऊन उभा राहील. थोरलीने लगेच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. मशीनवाला बुचकळ्यात पडला. तो म्हणाला, मी उद्या कुठे येतोय? थोरले म्हणाले होते, धाकट्याचा फोन आल्याशिवाय येऊ नको. धाकटेही तेच म्हणाले होते, थोरल्याचा फोन आल्याशिवाय येऊ नको. मला कुणाचाच आला नाही.

दोघे भाऊ दोन वेगवेगळ्या दिशांना बघू लागले. जावांना हसू आवरेना, आणि शेवटी बाळही हसला, त्याच्या पाठोपाठ अण्णा.

मग मागांना उजेड लागेल, एक खिडकी काढायला हवी, असं ताई म्हणाली. अण्णा म्हणाला, माझ्या बाजूला काढू, सकाळचं चांगलं ऊन येईल आणि गोठ्यातून मला ताई दिसेल, चहाला हाक मारता येईल. बाळ म्हणाला, सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, खिडकी माझ्याच बाजूला हवी, समोर हिरवंगार दिसेल आणि चहा काय आमच्याकडे मिळत नाही का. अण्णा म्हणाला, तुला उजेडातलं काय कळतं. बाळ म्हणाला, माझा धंदाच उजेडाचा आहे. दोघांचे आवाज चढले. एकमेकांकडे बघून, बोट नाचवून, मध्ये कुणालाही न घेता ते तावातावाने भांडू लागले.

थोरलीने काळजीने ताईकडे पाहिलं. या दोघांची भांडणं लहानपणापासून ताईच सोडवत आली होती. ताई उंबऱ्यावर बसली, डोळे पुसले, आणि हे भांडण तिने सोडवलं नाही.